साउंड कार्डावरचं कुंकू

त्या वर्षी घटस्थापनेला मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. आगाशीच्या आमच्या शंकराच्या देवळातली जुनी पोथी मोठ्या अक्षरांत टाइप करायची, रोज एक अध्याय, आणि त्रिपुरी पौर्णिमेला छापून देवापुढे ठेवायची. त्या दिवशीचा अध्याय पुरा होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही.

यात मोठं असं काही नव्हतं. अध्याय लहान लहान होते, सकाळी दहाच्या आत आटपायचे. पण देवळात पोथीला बसणाऱ्या आम्हा बायकांत निम्म्याअधिक साठीच्या पुढच्या. पोथीचं अक्षर मोहरीएवढं. एकेकीने वाचायचं सोडलं, नुसतं ऐकायला बसायला लागली, आणि मग एक दिवस यायचीच बंद झाली. ‘दिसत नाही गं, मग तिथे बसून काय करू,’ असं म्हणायच्या. मला वाटलं, माझ्याकडे यंत्र आहे, हाताला टायपिंगची सवय आहे. देवाने उगाच दिलं नसेल.

यंत्र म्हणजे कॉम्प्युटर. मी गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरजुळणीला होते. शहाण्णवच्या पाडव्याला मालकांनी छापखाना बंद केला आणि म्हणाले, “यमुनाबाई, हा तुम्हीच घेऊन जा. दुसरीकडे हाल होतील त्याचे.” तेव्हाच तो म्हातारा होता. काळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, बाकी चित्रं-बित्रं काही नाही. पण त्याच्या पोटात मराठी कार्ड होतं. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी आपोआप येत नसे, वेगळी बसवावी लागे. वीतभर लांबीची हिरवी पट्टी, वर काळे चौकोनी तुकडे डकवलेले, आणि ती आतल्या खाचेत उभी बसवली की पडद्यावर ‘श्री’ उमटायची. ती काढली तर यंत्र नुसतं इंग्रजी.

याच कार्डावर सगळं झालं, म्हणून आधी सांगितलं.

जितेश हा माझ्या नणंदेचा मुलगा. विरारला राहायचा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, पण नोकरी कुठे टिकत नव्हती. माझ्या यंत्राला काही झालं की तोच यायचा. गणपतीत आला तो हातात एक खोका घेऊन.

“मामी, तुझा कॉम्प्युटर मुका आहे. आता त्याला वाचा फुटणार.”

त्याने साउंड कार्ड आणलं होतं. मला केवढा आनंद झाला! मी बॅटरी धरून उभी राहिले, आणि त्याने ते मराठी कार्डाच्या शेजारच्या खाचेत बसवलं. यंत्र सुरू केलं, मराठी आणायला गेले, तर पडद्यावर अक्षरांचे नुसते तुकडे. मग सगळंच थिजलं.

“घाबरू नको,” जितेश म्हणाला. “दोघांचं भांडण लागलंय. हे बघ, आतल्या प्रत्येक कार्डाला घरनंबर असतो. पोस्टमन नंबर बघूनच पत्र टाकतो ना? दोन घरांना एकच नंबर दिला तर?”

“दोघीही दारात येऊन भांडतील.”

“करेक्ट! मग काय करायचं? सगळी कार्डं बाहेर काढायची, एकेक परत लावत जायचं. एका वेळी एकच. जी आल्यावर भांडण सुरू होतं, तिचा नंबर बदलायचा.”

“म्हणजे नव्या सुनेनेच बदलायचं.”

“मामी, आता तूच शिकव मला,” असं म्हणून तो हसला. साउंड कार्डाच्या कोपऱ्यात बारीक सुयांच्या जोड्यांची रांग होती. प्रत्येक जोडीशेजारी पांढऱ्या रंगात आकडा छापलेला, आणि एका जोडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी काळी टोपी घातलेली. तिला जम्पर म्हणतात. टोपी दोनशेवीसवर होती. मराठी कार्डाचाही नंबर दोनशेवीस. जितेशने भुवईच्या चिमट्याने टोपी उचलली, दोनशेचाळीसच्या जोडीवर घातली, आणि दोघी गुण्यागोविंदाने नांदायला लागल्या. मी त्याला उकडीचे मोदक बांधून दिले.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते. शिवणयंत्र, मिक्सर, ह्यांची सायकल. त्या वर्षी कॉम्प्युटरची पहिलीच पूजा. नुसत्या डब्याला कुंकू लावून काय होणार, काम करतात त्या आतल्या! म्हणून मी झाकण काढलं आणि ओल्या हळदकुंकवाचं बोट प्रत्येक कार्डाला लावलं. मराठी कार्डाला लावलं. साउंड कार्डाला लावताना बोट घसरलं आणि कोपऱ्यातल्या त्या टोपीवर, आसपासच्या सुयांवर कुंकू सांडलं.

जेवायला आलेल्या जितेशने ते पाहिलं. “मामी! अगं हा देव्हारा आहे का?”

“देव्हाऱ्यातच बसवलंय की त्याला,” आमचे हे म्हणाले. “आम्हाला चहा मिळायच्या आधी त्याची धूळ पुसली जाते.”

सगळे हसले, मीही हसले. कुंकू वाळल्यावर यंत्र सुरू केलं. मराठी छान आली. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत एकही अध्याय चुकला नाही.

भाऊबीजेला आमच्या घरात एक अदलाबदल होते. मी सकाळी अध्याय आटपून माझ्या भावाकडे वसईला जाते, तर नणंदबाई विरारहून ह्यांना ओवाळायला आमच्याकडे येतात. मी स्वयंपाक करून ठेवते, त्या वाढून घेतात. वर्षातला हा एक दिवस मी घरात नसणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा माझ्या मनात कसली शंका नव्हती. भावाकडे मी बासुंदी खाल्ली, वहिनीशी गप्पा मारल्या, दिवेलागणीला परत आले. नणंदबाई आणि जितेश निघून गेले होते. हे झोपाळ्यावर बसले होते. “कशी झाली भाऊबीज?” मी विचारलं. “झाली,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंघोळ, पूजा करून मी यंत्रापुढे बसले. मराठी आणली आणि पडद्यावर अक्षरांचा चुरा झाला. पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. तेच. इंग्रजी नीट, मराठी म्हटली की सगळं थिजायचं. दुपारपर्यंत मी तशीच बसून होते. ह्यांनी ऑफिसातून जितेशला फोन केला, तो संध्याकाळी आला. त्याने झाकण काढून आत पाहिलं आणि चुकचुकला.

“मामी, मी तुला बोललो होतो. कुंकू आत उतरलंय. मराठी कार्ड उडालं.”

“उडालं म्हणजे?”

“म्हणजे गेलं. त्याच्यात आता जीव नाही.”

“पण इतके दिवस चाललं की रे.”

“हळूहळू खातं ते. त्यात मेटल असतं, ओल असते. आता कशाला हात नको लावू, शॉक बसेल.”

ज्या हाताने पूजा केली त्याच हाताने मी ते मारलं होतं.

“असू दे,” जितेश मऊ आवाजात म्हणाला. “एव्हरशाईन सिटीत मी गाळा घेतलाय, क्लास काढतोय. तुळशीच्या लग्नाला उद्घाटन आहे. रविवारी टेम्पो येईल सामानाला, त्यातच हे घेऊन जातो. स्पेअर म्हणून तरी कामाला येईल. इथे नुसती जागा अडवणार.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “यमुने, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या देवाच्याच मनात नसेल.”

हे वाक्य मला खरं वाटलं. माझं आयुष्य तसंच गेलं आहे. दूध उतू गेलं तरी मी त्यात काहीतरी वाचते. यंत्र बंद पडलं, तेही माझ्या हातच्या कुंकवाने, आणि पौर्णिमा जवळ आलेली. यापेक्षा स्पष्ट खूण देवाने आणखी कोणती द्यायची?

पण संकल्प सोडलेला होता. देव नको म्हणतो आहे की माझी परीक्षा बघतो आहे, हे मला कोण सांगणार? रोज सकाळी मी यंत्रापुढे बसायची, मराठी आणून बघायची, चुरा बघायची आणि उठायची. अध्याय नाही म्हणून अन्न नाही. संध्याकाळी दूध आणि फळ घ्यायची. हे रोज ऑफिसातून येताना बाजारातून आमच्या आगाशीची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, आणायचे. मधासारखी, केळीच्या सोपात बांधलेली. “उपासाला चालतात ना? घे,” असं म्हणत स्वतः पुडा सोडून पुढे करायचे. संध्याकाळी आरतीला मी देवापुढे नाक घासायची, माझ्या अविचाराची क्षमा मागायची. हे शेजारी उभे राहून घंटा वाजवायचे. माझ्या मनात यायचं, माणूस किती सांभाळून घेतो मला.

शनिवारी सकाळी आग्नेस आली. आमच्या मागच्या आळीत राहते. माहेर वसईच्या पाचूबंदरचं, कोळीवाड्यातलं, त्यामुळे आवाज भरतीच्या लाटेवरून येणारा. चर्चच्या महिला मंडळाचं मराठी पत्रक ती माझ्याकडून टाइप करून घ्यायची.

“काय गो वैनी, तोंड का उतरलंय? आत्मारामभाऊंशी भांडलीस?”

मी तिला सगळं सांगितलं. कुंकू, कार्ड, रविवारचा टेम्पो. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

“कुंकू लावलं म्हनून मेला? दर वर्षी फादर येऊन आमच्या घरावर आशीर्वादाचं पानी शिंपडतात. फ्रिजवर पन, टीव्हीवर पन. तुझ्या हिशोबाने आमच्याकडे एक वस्तू जिवंत राहिली नसती!”

“अगं, पण जितेश शिकलेला आहे.”

“असेल. पन मेलेल्याला पुरायच्या आधी डॉक्टर बघतो ना एकदा? तू बघितलंस?”

“शॉक बसेल म्हणाला.”

“वायर काढून बघ. एवढा उपास करतेस, तेवढा धीर नाही?” आणि पत्रकाचा कागद टेबलावर ठेवून ती गेली.

ह्यांना शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं. दुपारी येणार होते. मी प्लगमधून वायर काढली, देवाला नमस्कार केला आणि झाकणाचे स्क्रू काढले. मला घाई करता येत नाही. स्क्रू वाटीत, झाकण पलंगावर. मग जितेशने गणपतीत सांगितलं होतं तसं केलं: एका वेळी एकच. मराठी कार्ड खरंच गेलंय का ते एकटंच ठेवून बघायचं, म्हणून आधी साउंड कार्ड बाहेर काढलं. ते वर्तमानपत्रावर ठेवलं. मराठी कार्ड होतं तसंच खाचेत ठेवलं, त्याच्यावरच्या वाळलेल्या कुंकवासकट. वायर लावली. यंत्र सुरू केलं. मराठी आणली.

पडद्यावर ‘श्री’ उमटली.

मी हात जोडले. मग एक ओळ टाइप केली. दुसरी केली. जोडाक्षरं, रफार, सगळं नीट. कार्डात जीव होता. काहीही उडालं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, देवाने ऐकलं म्हणून. अजूनही मी देवाचंच नाव घेत होते.

मग विचार आला. कार्ड चांगलं आहे, तर दोघींचं भांडण का लागलं? नंबर तर वेगवेगळे आहेत. गणपतीपासून भाऊबीजेपर्यंत दोघी नीट नांदत होत्या. मी साउंड कार्ड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

काळी टोपी दोनशेवीसवर होती.

टोपीच्या डोक्यावर माझं कुंकू होतं. पण तिच्या आजूबाजूला, दोनशेवीसच्या जोडीपाशी, हिरवी पट्टी अगदी स्वच्छ होती. थोडं पलीकडे, दोनशेचाळीसच्या जोडीभोवती, कुंकू सांडून वाळलेलं. सुयांच्या बुडाशी मात्र टोपीएवढा लहानसा चौकोन कोरा. पाट उचलल्यावर त्याच्याभोवतीची रांगोळी राहते ना, तसा. दसऱ्याला टोपी तिथे होती. कुंकू तिच्यावर वाळलं. त्यानंतर कोणीतरी ती उचलली आणि इकडे आणून घातली.

टोपी आपण होऊन चालत जात नाही. मी एकदा ती सैल आहे का बघितली. नखाने निघेना, चिमटा लागला. तरी माझा विश्वास बसेना. माझी काही चूक होत असेल म्हणून टोपी दोनशेचाळीसवर घातली, कार्ड बसवलं, यंत्र सुरू केलं. मराठी आली. पुन्हा बंद करून टोपी दोनशेवीसवर घातली. चुरा. पुन्हा चाळीसवर. मराठी. तसं तीनदा केलं, जसं आपण ताप बघताना पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावतो.

दसऱ्यानंतर झाकण कोणी काढलं होतं? भाऊबीजेच्या आदल्या दिवसापर्यंत मी घरातच होते, यंत्र दिवाणखान्यात माझ्या डोळ्यांपुढे. भाऊबीजेला मी नव्हते. जितेश होता. नणंदबाई होत्या. आणि घर आहे दोन खोल्यांचं. दिवाणखान्यात कोणी यंत्र उघडून बसलं, तर झोपाळ्यावरच्या माणसाला दिसणार नाही असं होत नाही.

इथपर्यंत मी आले आणि थांबले. पुढचं मला नको होतं.

मग मी त्या दिवशीचा अध्याय टाइप केला. बोटं आपली चालत होती. अध्याय संपल्यावर वरणभाताचा कुकर लावला, दोन पाट मांडले, दोन ताटं घेतली.

हे दुपारी आले. हातात सुकेळ्यांचा पुडा होता. दोन ताटं बघून दारातच थबकले.

“आज जेवणार तू?”

“अध्याय झाला.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांच्या उपासानंतर बायको जेवणार, म्हणून माणसाचा चेहरा खुलायला हवा. ह्यांनी आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“झाला? कसा काय? जितू तर म्हणाला...”

“टोपी हलवलेली होती. मी जागेवर घातली.”

ह्यांनी सुकेळ्यांचा पुडा खाली ठेवला. चपला काढल्या, पाय धुऊन आले, पाटावर बसले. मी भात वाढला. त्यांनी घास केला नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले. माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

“टोपीची युक्ती त्याची होती.”

“आणि तुमचं काय होतं?”

“मी नुसता...” ह्यांनी भाताकडे पाहिलं. “मी बॅटरी धरली.”

बाहेर पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजत होता.

“ताईने ओवाळलं,” हे सांगायला लागले. “मी ओवाळणी घालायला गेलो तर म्हणाली, हे नको आत्माराम. देणारच असलास तर जितूला वहिनीचा कॉम्प्युटर दे. त्याच्या क्लासचा बोर्ड रंगवून झालाय, मराठी टायपिंग म्हणून. सरकारी नोकरीवाल्या पोरांना तेच लागतं. आणि मराठी कार्ड बाजारात मिळत नाही. ताट हातात घेऊन उभी होती गं. दिवा लावलेला. मी नाही कसं म्हणू?”

“म्हणून माझी वस्तू ओवाळणीत घातलीत.”

“तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. तुझा संकल्प मध्ये.”

“पौर्णिमेनंतर विचारलं असतंत तर?”

“उद्घाटन तुळशीच्या लग्नाला आहे ना. जितू म्हणाला, मामीला बंद पडल्यासारखं दाखवू. ती स्वतःच म्हणेल, देवाची इच्छा. तिला वाईटसुद्धा वाटणार नाही.”

मला तेव्हा समजलं की ते मला किती नीट ओळखतात. मी कशाने हटेन, कशापुढे मान तुकवीन, हे त्यांनी बसून ठरवलं होतं. वाद घालायची गरज नव्हती, ओरडायची नव्हती. माझ्या देवाचं नाव पुढे केलं की पुरे.

“मी जेवत नव्हते,” मी म्हणाले. “तुम्ही बघत होतात.”

“म्हणून तर रोज सुकेळी आणत होतो!” हे एकदम म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हेच जास्त वाईट. “वाटलं दोन दिवसांत सोडशील. तू सोडेचना. मला झोप नव्हती, यमुने.”

“आरतीला मी क्षमा मागत होते. न केलेल्या गोष्टीची. तुम्ही घंटा वाजवत होतात.”

मी माझ्या भातावर वरण घेतलं आणि जेवले. सगळं ताट संपवलं. नेम पुरा झाला होता, आणि अन्नावर राग काढायचा नसतो.

रविवारी सकाळी टेम्पो आला. जितेश शीळ घालत पायऱ्या चढला. मी दार उघडलं तेव्हा यंत्र सुरू होतं आणि पडद्यावर अर्धा अध्याय होता. त्याची शीळ थांबली.

“मामी, हे... हे चालू झालं?”

“तूच शिकवलंस की. एका वेळी एकच.”

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. मी साउंड कार्ड त्याच्याच खोक्यात घालून ठेवलं होतं, ते त्याच्या हातात दिलं.

“मामी, ऐक ना. मी परत आणून देणार होतो. नवीन मिळालं की लगेच. आईशप्पथ.”

“आईची शपथ घेऊ नकोस रे, तिला काय माहीत आणि काय नाही, ते मला विचारायचं नाहीये.”

“असं काय गं. घरातलीच गोष्ट. मी काय परका आहे? मागितलं असतं तर तू दिलं असतंस?”

“नसतं दिलं. पौर्णिमेपर्यंत नसतं. पण मी नाही म्हणाले असते, आणि तू रागावून गेला असतास. मग दिवाळीचा फराळ घेऊन मी तुझी समजूत काढायला आले असते. आता कशी येऊ?”

त्याचा चेहरा पडला. सव्वीस वर्षांचा मुलगा, लहानपणी माझ्याच मांडीवर झोपलेला. मला वाटलं तो रडेल. पण तो म्हणाला, “बोर्ड रंगवून झालाय, मामी. आता लोकांना काय सांगू?” आणि तेव्हा माझ्या मनात त्याच्यासाठी जे काही हलत होतं, ते थांबलं.

“टेम्पोवाला थांबलाय,” मी म्हणाले.

तो गेला. हे त्याच्यामागे पायऱ्यांपर्यंत गेले, खाली काहीतरी बोलले, परत आले. मी टाइप करत होते.

पडलेले अध्याय मी रोज दोन-दोन करून भरून काढले. त्रिपुरीला पोथी देवापुढे ठेवली. दीपमाळ लागली होती. यायच्या बंद झालेल्या म्हाताऱ्या बायका सुना-नातींचा हात धरून आल्या. एकीने चष्मा न लावता पहिली ओवी वाचली आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जसं काही तिने स्वतःच लिहिली आहे. मला फार बरं वाटलं. हे मागे पुरुषांच्या बाजूला उभे होते. कोणीतरी म्हणालं, “आत्मारामभाऊ, वहिनींना तुमची किती साथ!” मी वळून पाहिलं नाही.

नणंदबाई नंतरही दर भाऊबीजेला येत राहिल्या. मी स्वयंपाक करून ठेवते, भावाकडे जाते. मराठी कार्ड जाताना काढून घेते आणि ओवाळणीच्या ताटाखाली पिशवीत ठेवून वसईला नेते. वहिनी विचारते, “हे काय गं?” मी म्हणते, “कामाचं आहे.”

ह्यांच्याशी मी कधी भांडले नाही. चहा, डबा, औषधं, सगळं वेळेवर. ह्यांनीही नंतर मला फार जपलं, माझा विश्वास परत यावा म्हणून मनापासून खटपट केली. मी ते बघते. पण आमच्या घरात एक रीत होती. संकल्प सोडला की मी तो आधी ह्यांना सांगायची. कुठला वार, काय खायचं नाही, कधी बोलायचं नाही, कधीपर्यंत. घरच्यांना ठाऊक असलं की नेम सांभाळला जातो, असं माझी आई म्हणायची.

त्या पौर्णिमेनंतर मार्गशीर्ष लागला, मी नवा नेम धरला. सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“आज काय आहे तुझं? येताना काय आणू?”

“काही नको,” मी म्हणाले. “तुम्ही जेवून घ्या.”

“पण नेम कसला आहे? किती दिवसांचा?”

मी डबा भरत होते. झाकण लावलं, त्यांच्या हातात दिला. ते चपला घालून निघाले. त्यानंतर आजपर्यंत मी किती नेम केले आणि कुठले, हे ह्यांना माहीत नाही.